टाइम्स ऑफ इंडिया १८३८ चा की १८६१ चा?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: एका पुस्तकात 'टाइम्स ऑफ इंडिया'ची स्थापना १८३८ ची दिली आहे, दुसऱ्यात १८६१ ची. एकीकडे संस्थापक म्हणून रावबहादूर नारायण दीनानाथ वेलकरांचं नाव आहे, दुसरीकडे रॉबर्ट नाइटचं. यातलं कोणतं धरायचं? पत्र इंग्रजांचं की आपलं? आणि मुंबईच्या व्यापाऱ्यांसाठी निघालेलं पत्र देशभराचं दैनिक कसं झालं?

दोन्ही सालं बरोबर आहेत, फक्त ती वेगवेगळ्या गोष्टींची आहेत. ३ नोव्हेंबर १८३८ रोजी मुंबईत 'बॉम्बे टाइम्स अँड जर्नल ऑफ कॉमर्स' हे पत्र निघालं. पुढे १८६१ मध्ये त्याच पत्राला 'टाइम्स ऑफ इंडिया' हे नाव मिळालं. परीक्षेपुरतं एवढं उत्तर पुरे. पण माझी सगळी नोकरी एका मराठी दैनिकाच्या बातमी टेबलावर गेली आणि निवृत्तीनंतर जुन्या फायली चाळायचा नाद लागला, त्यामुळे एवढ्यावर थांबवत नाही.

आपल्याकडे वृत्तपत्राचा इतिहास संपादकांच्या नावांनी सांगायची पद्धत आहे. अमुक आले, त्यांनी बाणेदार अग्रलेख लिहिले, मग तमुक आले. मी आधी एकच गोष्ट बघतो: अंकाचा खर्च कोणाच्या खिशातून निघत होता? या पत्राच्या बाबतीत तो खिसा अनेकदा बदलला आणि दर वेळी पत्रही बदललं. ही गोष्ट मला कोणत्या ग्रंथाने शिकवली नाही, ती डमीने शिकवली. डमी म्हणजे उद्याच्या अंकाच्या पानांचा कच्चा आराखडा. संध्याकाळी ती जाहिरात विभागाकडून आमच्या टेबलावर यायची तेव्हा जाहिरातींचे चौकोन आधीच आखलेले असायचे आणि त्यांवर जाहिरातदारांची नावं लिहिलेली असायची. जे कोरं उरायचं ते बातम्यांचं. विधानसभेचं अधिवेशन असो की पूर आलेला असो, पहिली रेघ जाहिरात विभागाची. वर्षानुवर्षं ते चौकोन बघितल्यावर कोणत्याही जुन्या पत्राकडे बघायची नजर बदलते.

आता १८३८ कडे येऊ. त्या सालीच हे पत्र का निघावं, याला कारणं आहेत. १८३३ च्या सनदी कायद्याने ईस्ट इंडिया कंपनीचा व्यापार संपवला. यापुढे तिने फक्त राज्यकारभार पाहायचा होता आणि व्यापाराचं मैदान खासगी पेढ्यांना मोकळं झालं. १८३५ मध्ये हंगामी गव्हर्नर जनरल मेटकाफने छापखान्यांवरची परवान्याची अट काढून टाकली. १८३६ मध्ये मुंबईच्या व्यापाऱ्यांनी आपलं चेंबर ऑफ कॉमर्स उभं केलं, आणि दोनच वर्षांनी हे पत्र आलं. शहराला वृत्तपत्र काही नवं नव्हतं. फर्दुनजी मर्झबान यांचं गुजराती 'मुंबई समाचार' १८२२ पासून चालू होतं. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ ला 'दर्पण' काढलं होतं, एका स्तंभात मराठी आणि शेजारी इंग्रजी. 'दर्पण' लोकांना शहाणं करण्यासाठी निघालं होतं. 'बॉम्बे टाइम्स' कशासाठी निघालं ते त्याच्या लांबलचक नावाच्या उत्तरार्धातच लिहिलेलं आहे: जर्नल ऑफ कॉमर्स.

सुरुवातीला ते दैनिक नव्हतंच. बुधवारी आणि शनिवारी निघायचं. त्या काळच्या अंकाचं पहिलं पान समोर ठेवलं तर आजच्या वाचकाला आधी बातमीच सापडत नाही. बारीक टाइपाचे अरुंद स्तंभ आणि त्यात जाहिराती: कोणतं गलबत कुठे निघणार, कोणता माल आला, कशाचा लिलाव. वाचक आधी हेच शोधायचा. लंडनची डाक सुएझमार्गे आगबोटीने यायची, आणि ती आली की अंकाला भरती यायची. ज्या पेढीला तिकडचे भाव आधी कळत तिचा फायदा. अशा माहितीसाठी वर्गणी भरायला मोजके पण पैसेवाले ग्राहक तयार होते, आणि पत्र त्यांच्या जिवावर चालत होतं.

वेलकरांचं नाव इथे येतं. संस्थापक म्हणून ते घेतलं जातं आणि ते घ्यायलाही हवं. मुंबईतल्या एका मोठ्या इंग्रजी पत्राच्या जन्माशी एका मराठी सुधारकाचं नाव जोडलेलं आहे ही आपल्याला माहीत असायची गोष्ट आहे. पण 'संस्थापक' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर 'केसरी'चे टिळक किंवा 'सकाळ'चे नानासाहेब परुळेकर येतात, म्हणजे ज्याचं पत्र त्याचाच विचार. इथे तसा प्रकार नव्हता. हे व्यापाऱ्यांनी मिळून उभं केलेलं काम होतं. भागधारक अनेक, त्यांत युरोपियन आणि हिंदी, म्हणजे भारतीय, दोन्ही, आणि रोजचं काम पगारी संपादकाकडे. पहिला संपादक जे. ई. ब्रेनन. त्यामुळे 'इंग्रजांचं की आपलं' या प्रश्नाला पहिल्या दिवसापासूनच एका शब्दात उत्तर नाही. भांडवल दोघांचं होतं, लेखणी इंग्रजाची होती. आणि या दोहोंत कधी ना कधी खटका उडणार होता.

तो उडाला १८५७ मध्ये. त्याआधी १८५० मध्ये पत्र दैनिक झालं होतं. तेव्हा संपादक होता डॉ. जॉर्ज बुइस्ट. मूळचा स्कॉटलंडचा, भूगर्भशास्त्राचा अभ्यासक, कष्टाळू आणि हट्टी. सरकारची हांजी हांजी करणारा तो अजिबात नव्हता. सिंध जिंकणाऱ्या चार्ल्स नेपियरवर त्याने जी टीका केली ती अंगावर येण्याइतकी कडक होती. पण उठाव पेटला तेव्हा हाच माणूस सरसकट हिंदी लोकांविरुद्ध, सूड उगवावा अशा भाषेत लिहू लागला. मुंबईत तेव्हा शांतता होती. ज्यांच्या पैशावर छापखाना चालत होता त्या हिंदी भागधारकांना आपल्याच पत्रात आपल्याच लोकांबद्दल हे वाचावं लागत होतं. त्यांनी सूर बदलायला सांगितलं, बुइस्टने साफ नकार दिला, आणि भागधारकांनी त्याला काढून रॉबर्ट नाइटला बसवलं.

या पत्राच्या सगळ्या इतिहासात हा प्रसंग मला सगळ्यात मोलाचा वाटतो, आणि तो आपल्याकडे फार कमी सांगितला जातो. १८५७ चा विचार करताना आपण झाशी, कानपूर, दिल्ली बघतो. त्याच वर्षी मुंबईत काही हिंदी व्यापाऱ्यांनी, तलवार न उचलता, भागधारक या नात्याने एका इंग्रज संपादकाला घरी पाठवलं. मालकांनी संपादकाला काढलं की आम्ही पत्रकार नेहमी संपादकाच्या बाजूने उभे राहतो. इथे मी मालकांच्या बाजूने आहे. जाता जाता एक चूक कबूल करतो. आमच्या दैनिकाच्या एका पुरवणीत '१८५७ आणि टाइम्स ऑफ इंडिया' असं शीर्षक माझ्या हातून गेलं होतं. चौथ्या दिवशी एका वाचकाचं पोस्टकार्ड आलं: त्या साली 'टाइम्स ऑफ इंडिया' नावाचं पत्र अस्तित्वात होतं का? नव्हतं. तेव्हापासून साल आणि नाव यांची जोडी तपासल्याशिवाय मी पुढे जात नाही.

नाइट हा वेगळाच गडी होता. राज्य इंग्रजांचंच राहावं असं मानणारा, पण त्या राज्याने रयतेशी न्यायाने वागावं यासाठी सरकारशी भांडणारा. महाराष्ट्रात इनाम कमिशनने जमिनींच्या सनदा तपासायच्या निमित्ताने पिढ्यान्‌पिढ्यांची इनामं खालसा केली, त्याविरुद्ध त्याने कसून लिहिलं. १८६० च्या सुमारास त्याने हिंदी भागधारकांचे हिस्से विकत घेतले, 'स्टँडर्ड' हे प्रतिस्पर्धी पत्र आपल्यात मिळवलं, आणि १८६१ मध्ये नाव ठेवलं 'टाइम्स ऑफ इंडिया'. म्हणजे ज्या हिंदी भांडवलाने त्याला खुर्चीवर बसवलं होतं ते त्याच्याच काळात पत्रातून बाहेर पडलं. १८३८ आणि १८६१ या दोन सालांमधला खरा फरक नावाच्या पाटीइतकाच मालकीचाही आहे.

'बॉम्बे' जाऊन 'इंडिया' का आलं, याचं उत्तर तारेच्या खांबांत आहे. १८५५ पर्यंत मुंबई आणि कलकत्ता तारेने जोडली गेली होती. १८५३ मध्ये मुंबई-ठाणे रेल्वे सुरू झाली होती आणि रूळ घाटाकडे सरकत होते. एका शहरातल्या बातम्या दुसऱ्या दिवशी दुसऱ्या शहरात छापता येऊ लागल्या. नाइटने तारेने बातम्या पुरवायची व्यवस्था उभी केली, देशातल्या इतर पत्रांना बातम्या पाठवायला सुरुवात केली आणि रॉयटर या लंडनच्या वृत्तसंस्थेचं इथलं काम हाती घेतलं. तार महाग होती, शब्दाशब्दाला पैसे पडत. एकट्या मुंबईच्या वर्गणीदारांवर तो खर्च निघाला नसता. देशभर गिऱ्हाईक हवं होतं, म्हणून नावातही देश आला. त्यातच अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस बंद झाला आणि १८६१ ते १८६५ या काळात मुंबईत कापसाच्या पैशाचा पूर आला. शहर फुगलं, जाहिराती फुगल्या. १८६५ मध्ये तो फुगा फुटला, बँका आणि पेढ्या कोसळल्या, पण पत्र तोवर पायावर उभं राहिलं होतं. नाइट पुढे कलकत्त्याला गेला आणि १८७५ मध्ये त्याने 'स्टेट्समन' काढलं. दोन मोठ्या राष्ट्रीय पत्रांची पायाभरणी एकाच माणसाच्या हातून व्हावी हे विशेष आहे.

यानंतरचा टप्पा मराठी वाचकाला आवडणारा नाही, पण टाळता येत नाही. १८९२ च्या सुमारास थॉमस बेनेट आणि फ्रँक मॉरिस कोलमन यांच्या भागीदारीकडे पत्र आलं. बेनेट लिहिणारा, कोलमन छपाई आणि हिशेब सांभाळणारा. 'बेनेट, कोलमन' हे नाव तिथून आलं. कोलमन १९१५ च्या डिसेंबरात बुडाला; 'पर्शिया' ही बोट जर्मन पाणबुडीने भूमध्य समुद्रात बुडवली, तिच्यावर तो होता. या दोघांच्या काळात पत्र सरकारच्या अगदी जवळ गेलं. १८९७ मध्ये पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तातून लोकांचा संताप उसळला, २२ जूनला रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या, आणि 'टाइम्स'ने 'केसरी'तल्या लिखाणाकडे बोट दाखवत टिळकांवर झोड उठवली. त्यानंतर टिळकांवर राजद्रोहाचा खटला होऊन त्यांना १८ महिन्यांची सक्तमजुरी झाली. पुण्यामुंबईतल्या जुन्या घरांमध्ये 'टाइम्स' म्हणजे सरकारी गोटातलं पत्र, हे मत पक्कं झालं ते त्या काळात. फिरोजशहा मेहतांना १९१३ मध्ये 'बॉम्बे क्रॉनिकल' काढावंसं वाटलं ते याचमुळे. मुंबईत हिंदी बाजू इंग्रजीतून मांडणारं दमदार पत्रच उरलं नव्हतं.

पण एक मान्य केलं पाहिजे. छपाई, चित्रं, मांडणी, वेळेवर अंक देणं यांत त्या काळच्या 'टाइम्स'चा हात धरणारं कोणी नव्हतं. १९०७ पासून पुढची १५-१६ वर्षं संपादक असलेला स्टॅनली रीड हा बातमीदारीचा जाणकार माणूस होता. पत्राच्या साप्ताहिक आवृत्तीतून पुढे 'इलस्ट्रेटेड वीकली ऑफ इंडिया' घडलं. एकदा अंक सकाळी ठरलेल्या वेळी दारात पडू लागला की वाचक मतभेद असूनही तो घेत राहतो. आमच्या धंद्यात अग्रलेखाइतकंच महत्त्व पहाटेच्या गाडीला आहे.

१९४६ मध्ये, स्वातंत्र्य दारात उभं असताना, रामकृष्ण दालमियांनी ही कंपनी विकत घेतली. नाइटनंतर जवळजवळ ८५ वर्षांनी मालकी पुन्हा हिंदी हातात आली. आनंदाच्या या गोष्टीला दुसरी बाजू आहे. पैसा कुठून उभा केला याची पुढे चौकशी झाली. विमा कंपनीच्या पैशाच्या अफरातफरीचा प्रश्न १९५५ मध्ये फिरोज गांधींनी लोकसभेत काढला, दालमिया-जैन कंपन्यांच्या कारभारावर न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांचा आयोग बसला, दालमियांना तुरुंगवास झाला. तोवर पत्र त्यांचे जावई साहू शांतिप्रसाद जैन यांच्याकडे गेलं होतं. १९६९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने कंपनीचं जुनं संचालक मंडळ बाजूला झालं आणि सरकारने नेमलेली माणसं आली. १९७६ मध्ये, ऐन आणीबाणीत, कारभार पुन्हा जैन कुटुंबाकडे आला. आणीबाणीतल्या या पत्राच्या वागण्याचा विचार करताना हा तपशील जवळ ठेवावा. ज्याच्या संचालक मंडळावर सरकारची माणसं बसलेली आहेत ते पत्र सरकारशी कितपत लढणार?

संपादकीय बाजूला या वर्षांत खूप काही घडलं. १९५० मध्ये फ्रँक मोराएस हे पहिले भारतीय संपादक झाले. त्याच वर्षी दिल्ली आवृत्ती निघाली आणि पत्र खऱ्या अर्थाने एका शहराबाहेर पडलं. १९५१ पासून आर. के. लक्ष्मण यांचा चौकटीच्या कोटातला, धोतर नेसलेला सामान्य माणूस पहिल्या पानावर दिसू लागला आणि अर्धशतकाहून जास्त काळ तिथे उभा राहिला. १९६१ मध्ये 'इकॉनॉमिक टाइम्स' निघालं आणि १८ जून १९६२ ला 'महाराष्ट्र टाइम्स'. 'मटा'वर, गोविंद तळवलकरांवर लिहायचं तर वेगळं उत्तर लिहावं लागेल. इथे एवढंच, की आमच्या पिढीतल्या अनेकांनी अग्रलेख कसा लिहावा हे त्यांच्याकडे बघून शिकून घेतलं.

मला मात्र बोलायचंय ते कागदाबद्दल. न्यूजप्रिंट. या काळात छपाईचा कागद बहुतांशी परदेशातून यायचा, परकीय चलन अपुरं, म्हणून सरकार प्रत्येक पत्राला कोटा ठरवून द्यायचं. १९५६ मध्ये मध्य प्रदेशात नेपानगरचा कारखाना सुरू झाला तरी गरज भागत नव्हती. कागदाच्या टंचाईतून सरकारच्या हातात पत्रांची नाडी कशी आली, हे समजायला आधी पुण्याकडे बघावं लागतं. १९६० मध्ये सरकारने आदेश काढला की किती किमतीला किती पानं द्यायची हे सरकार ठरवणार. 'सकाळ' तेव्हा सात नव्या पैशांत मिळायचा. आठवड्यातले पाच दिवस सहा पानं, एक दिवस चार. रविवार सोडून सहा दिवसांत ३४ पानं. आदेशाप्रमाणे सात पैशांत २४ पानंच देता आली असती. ३४ द्यायची तर किंमत आठ पैसे करावी लागणार. आज एक पैसा म्हणजे काहीच नाही, पण तेव्हा एका पैशावरून गिऱ्हाईक तुटायचं. पानं कमी करा नाहीतर वाचक गमवा, असा तो पेच होता. 'सकाळ' सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९६१ मध्ये जिंकला. अंक किती लोकांपर्यंत पोचतो हा अभिव्यक्ती स्वातंत्र्याचाच भाग आहे, असं न्यायालयाने धरलं.

त्याच वाटेने ११ वर्षांनी 'टाइम्स' गेला. १९७२-७३ च्या न्यूजप्रिंट धोरणात मोठ्या पत्रांना दहा पानांची मर्यादा घातली होती. आपल्याच कोट्यातून बचत करून नवी आवृत्ती काढायलाही बंदी होती. सरकारचं म्हणणं, मोठ्यांची मक्तेदारी मोडायची आहे. 'बेनेट कोलमन विरुद्ध भारत सरकार' या खटल्याचा निकाल ३० ऑक्टोबर १९७२ ला लागला. पाचपैकी चार न्यायमूर्तींनी धोरणातल्या या अटी रद्द केल्या, के. के. मॅथ्यू यांनी वेगळं मत नोंदवलं. पानांची संख्या आणि खप यांवर बंधन घालणं म्हणजे मजकुरावरच बंधन घालणं, हा त्या निकालाचा गाभा. पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांना मी नेहमी सांगतो की हे दोन निकाल एका बैठकीत वाचा, आधी 'सकाळ', मग 'टाइम्स'. आणि मॅथ्यूंचं विरोधी मत सोडू नका. थोड्या मालकांच्या हातात सगळी पानं असतील तर बाकीच्यांच्या आवाजाचं काय, हा त्यांचा प्रश्न आजही जिवंत आहे. निकाल बरोबर लागला असं माझं मत आहे. तरी मॅथ्यूंचा प्रश्न मला सुटलेला वाटत नाही.

आणीबाणीतला एक अगदी बारीक मजकूर इथे सांगायलाच हवा. २५ जून १९७५ च्या रात्री दिल्लीत बहादूरशाह जफर मार्गावरच्या वृत्तपत्रांची वीज तोडली गेली. दुसऱ्या दिवसापासून सेन्सॉर आला. बातम्या आणि अग्रलेख त्याच्या नजरेखालून जात होते. २८ जूनच्या 'टाइम्स'च्या मुंबई अंकात, छोट्या जाहिरातींतल्या निधनवार्तांमध्ये, दोन-तीन ओळींची एक जाहिरात आली. मृताचं नाव ओ'क्रसी, आद्याक्षरं डी. ई. एम. पत्नीचं नाव टी. रूथ, मुलगा एल. आय. बर्टी, भावंडं फेथ, होप आणि जस्टिशिया, आणि मृत्यू २६ जूनला. इंग्रजीत भरभर वाचून बघा: डेमॉक्रसी, ट्रुथ, लिबर्टी. एका पत्रकाराने इतरांसारखे पैसे भरून ती दिली होती आणि ती तशीच छापली गेली. जे अग्रलेखात लिहिता येत नव्हतं ते जाहिरातीच्या जागेत येऊन बसलं. जाहिरातीच्या चौकोनांबद्दल मी वर तक्रारीच्या सुरात लिहिलं, म्हणून हेही नोंदवतो.

शेवटचा मोठा बदल माझ्या डोळ्यांदेखत झाला. ८० च्या दशकात समीर जैन कारभार पाहू लागले आणि अंकाकडे बघायची रीतच पालटली. 'इलस्ट्रेटेड वीकली'सारखी नावाजलेली पण तोट्यातली नियतकालिकं ९० च्या दशकात बंद झाली. १९९४ मध्ये दिल्लीत अंकाची किंमत दीड रुपयावर आणली. तिथे तोवर 'हिंदुस्तान टाइम्स'चं राज्य होतं. आमच्या टेबलावर तेव्हा एकच चर्चा: दीड रुपयात कागदाचा तरी खर्च निघतो का? निघत नव्हता. त्यातून पाव ते तिसरा हिस्सा एजंट आणि विक्रेत्यांचा. घरी साठवलेल्या अंकांची रद्दी विकली की किमतीतला बराचसा भाग वाचकाला परत मिळायचा. म्हणजे वाचक जवळजवळ फुकट वाचत होता आणि बाकीचा खर्च जाहिरातदार भरत होता. खप वाढला की जाहिरातीचा दर वाढतो, दर वाढला की किंमत आणखी खाली ठेवता येते. ज्या पत्राला जाहिराती कमी मिळतात त्याला हा खेळ परवडत नाही. छोट्या आणि मध्यम मराठी पत्रांचे हाल आम्ही तेव्हा जवळून बघितले. संपादकांचं वजन याच काळात उतरलं. शामलाल, गिरिलाल जैन यांची नावं पत्राच्या नावाइतकीच मोठी होती. आज या दैनिकाचा संपादक कोण ते रोजच्या वाचकाला सांगता येत नाही. २००३ मध्ये पुरवण्यांतला मजकूर पैसे घेऊन छापायची 'मीडियानेट' ही सोय उघडपणे सुरू झाली. मला ती तेव्हाही चुकीची वाटली आणि आजही वाटते. जाहिरात चौकोनात असते तोवर वाचकाला ती जाहिरात आहे हे कळतं. चौकोनाची रेघ पुसली की कळत नाही.

आता 'इंग्रजांचं की आपलं' याचं उरलेलं उत्तर. हातातला कोणताही अंक घ्या आणि अगदी तळाशी, बारीक टाइपात, 'मुद्रक व प्रकाशक' असं जिथे लिहिलेलं असतं ती ओळ वाचा. १८६७ च्या कायद्यापासून आपल्याकडे प्रत्येक छापील अंकावर छापणाऱ्याचं नाव आणि छपाईचं ठिकाण द्यावं लागतं. तो कायदा जाऊन मार्च २०२४ पासून नवा आला तरी ती ओळ राहिली आहे. 'टाइम्स'च्या अंकावर मालक म्हणून आजही 'बेनेट, कोलमन अँड कंपनी लिमिटेड' असंच नाव असतं. १९४६ पासून मालक भारतीय आहेत, कंपनीचं नाव मात्र त्या दोन इंग्रज भागीदारांचंच ठेवलं आहे.

तुमच्या टिपणात ओळ लिहायचीच असेल तर अशी लिहा: 'बॉम्बे टाइम्स', ३ नोव्हेंबर १८३८, द्विसाप्ताहिक, १८५० पासून दैनिक, १८६१ पासून 'टाइम्स ऑफ इंडिया'. संस्थापक म्हणून वेलकरांचं नाव घ्या आणि नाव बदलणारा संपादक-मालक म्हणून नाइटचं. आणि मुंबईत असाल तर टाउन हॉलमधल्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात जाऊन त्या काळची मुंबईची वृत्तपत्रं मागा. १८५७ च्या उन्हाळ्यापासून पुढे, बुइस्ट जाऊन नाइट येईपर्यंतचे अंक ओळीने वाचा. अग्रलेखाचा सूर कोणत्या आठवड्यात बदलला ते तुमचं तुम्हालाच दिसेल.